मांडवीतल्या बेटांवर सायकलने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने गोवे, दिवाडी, नार्वे आणि चोडण या पट्ट्यात एक-दोन दिवस सायकलने फिरायचं ठरवणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. अंतरं साधारण दिली आहेत. फेरीबोटींच्या वेळा मोसमाप्रमाणे आणि दुरुस्तीच्या कामांमुळे बदलतात, त्यामुळे धक्क्यावरचा फळा हाच खरा.

गोव्यात गाड्यांशिवाय सायकल चालवता येते का? किनाऱ्यावर तर श्वास घ्यायला जागा नसते.

कळंगुट-बागाच्या रस्त्यावर नाही येत. सायकलींसाठी राखलेला, खुणा केलेला लांबचा मार्गही गोव्यात नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथे गाड्या अडवणारी गोष्ट आहे पाणी. दिवाडीला पूल नाही, बेटावर जायचं तर फेरीबोटच. चोडणला मयेच्या बाजूने पूल आहे, पण पणजीकडून येणारा माणूस रायबंदरच्या धक्क्यावरच थांबतो. बोटीत एका वेळी मावतील तेवढ्याच गाड्या बेटावर उतरतात. बेटांवरचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना शेतं, खाजनं (खारं पाणी अडवून केलेली सखल शेतजमीन) आणि कांदळवन. कुठे घाईने पोचायचं असं त्यात काही नाही.

यातली सगळ्यात उपयोगी युक्ती अशी. बोट धक्क्याला लागली की स्कूटर, रिक्षा आणि चारचाकी एकदम सुटतात. दोन-तीन मिनिटं रस्त्यावर गर्दी, मग पुढची बोट येईपर्यंत शुकशुकाट. म्हणून सायकल घेऊन उतरलात की लगेच निघू नका. धक्क्यावर बाजूला उभे राहा, पाणी प्या, ब्रेक तपासा, सगळ्यांना पुढे जाऊ द्या. मग निघालात तर दिवाडीचा शेतांमधला सरळ रस्ता संपेपर्यंत मागून हॉर्न क्वचितच ऐकू येतो. निदान पहिल्या फेरीला तरी हे करून बघाच.

मार्ग कोणता घ्यावा, आणि कोणत्या दिशेने?

पणजी, रायबंदर, जुने गोवे, फेरीने दिवाडी, पिएदादची टेकडी, फेरीने नार्वे, सप्तकोटेश्वराचं मंदिर, मये, चोडण, फेरीने रायबंदर, पणजी. पूर्ण फेरी सुमारे ४० किमीची, दोन-चार किमी इकडेतिकडे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे जुने गोवे आधी आणि चोडण शेवटी, असं करा.

कारण दोन. जुन्या गोव्यात साडेनऊ-दहानंतर पर्यटकांच्या बसेस येतात. सकाळी सातला तिथे मोकळं असतं, चर्चसमोरच्या हिरवळीच्या कडेने निवांत फिरता येतं. दुसरं कारण वारा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुरू होतो आणि अकराच्या पुढे तो चांगलाच जोर धरतो. परतताना तुमचं तोंड पश्चिमेला, म्हणजे वारा नेमका छातीवर. रायबंदर ते पणजी हा खाडीकाठचा रस्ता उघडा आहे, आडोसा नाही. याच दिशेने गेलात तर तो शेवटचा तुकडा फक्त पाच-सहा किमीचा उरतो. साडेदहापर्यंत रायबंदरला उतरलात तर वारा जाणवतही नाही. एकला पोचलात तर हेच सहा किमी अर्धा तास खातात आणि पायात काही शिल्लक राहत नाही.

पणजी ते रायबंदर हा बांधलेला रस्ताही नुसता रस्ता नाही. तो पाँते दे लिन्यारिश, १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद दे लिन्यारिश याच्या काळात दलदलीतून बांधलेला, तीन किमीहून लांब. आता त्यावर वाहतूक असते, म्हणून रविवारी आणि पहाटे जा. शनिवार-रविवार शक्य नसेल तर पणजीच सोडून द्या आणि रायबंदरला गाडी ठेवून तिथून सुरुवात करा.

एकच सावधगिरी नार्वे ते मये या भागात. डिचोलीच्या पट्ट्यात खनिज वाहतूक चालू असेल तर ट्रक आणि तांबडी धूळ असते. रविवारी हा प्रश्न बराच कमी असतो.

एवढं नको, अर्ध्या दिवसाचं आणि लहान मुलांना जमेल असं काही?

फक्त दिवाडी. जुन्या गोव्यात गाडी ठेवा, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा, पलीकडे उतरा आणि शेतांमधल्या सपाट रस्त्याने पिएदादच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत जा. हा भाग दोन-अडीच किमीचा आहे. परत आलात तरी पाच किमी होतात. सातआठ वर्षांचं मूल, स्वतःची सायकल नीट थांबवता येत असेल तर, हे आरामात करतं. टेकडीचा चढ मुलांनी सायकल ढकलत चढावा, आणि उतारावर मोठ्या माणसाने पुढे राहावं. मागे राहून ओरडण्यात अर्थ नाही.

फेरीबोटीत सायकल कशी न्यायची? तिकीट लागतं का?

पादचाऱ्यांच्या आणि दुचाकींच्या शुल्काबद्दल अधूनमधून निर्णय बदलतात, म्हणून खिशात दहावीस रुपयांचे सुटे ठेवा आणि धक्क्यावर विचारा. बोटीत चढायचं तंत्र मात्र बदलत नाही.

बोटीतले लोक उतरेपर्यंत बाजूला थांबा, मग सायकलवरून उतरून चालत चढा. बोटीचा लोखंडी उतारा आणि काँक्रीटचा धक्का यांच्यात फट असते. बारीक टायर त्या फटीत तिरपा गेला तर चाक अडकतं आणि रिम वाकते, म्हणून फट नेहमी काटकोनात ओलांडायची. ओहोटीला धक्क्याचा खालचा पट्टा उघडा पडतो. तो हिरवट दिसतो, शेवाळलेला, आणि त्यावर क्लीट लावलेले बूट बर्फासारखे घसरतात. तिथे सायकलचं वजन दोन्ही हातांनी धरून, लहान पावलं टाकत, सरळ खाली चालायचं. घसरायची वेळ तिरपं वळताना येते.

आत गेल्यावर एका कडेला, गाड्यांच्या मधल्या वाटेपासून दूर उभे राहा. स्टँड लावू नका, बोट हलली की सायकल शेजारच्या स्कूटरवर पडते. पुढचा ब्रेक हातात दाबून धरा, नाहीतर ब्रेकच्या लिव्हरवर रबर बँड गुंडाळा. दोन मिनिटांचं काम आहे, पण रंग, आरसे आणि भांडण, तिन्ही वाचतात. उतरताना चारचाकींना आधी जाऊ द्या. वर सांगितलेली युक्ती तिथूनच सुरू होते.

जुने गोवे आणि दिवाडी, रायबंदर आणि चोडण या फेऱ्या लागोपाठ असतात. दिवाडी ते नार्वे या बाजूला वर्दळ कमी, म्हणून थांबणं जास्त. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर दिवाडीहून बाहेर पडायला मार्ग उरत नाही, म्हणून पहिल्याच फेरीला परतीची वेळ बोटवाल्याला विचारून घ्या.

बांधावरून सायकल चालवता येते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर नुसतं होय-नाही देण्यासारखं नाही.

खाजन म्हणजे खारं पाणी अडवून शेतीखाली आणलेली खोलगट जमीन. तिला नदीपासून वेगळी करणारा मातीचा बांध असतो. आत चिखल-मातीचा गाभा, कधी त्यात पेंढा आणि बांबू, बाहेरून जांभ्या दगडाचं अस्तर, आणि पाण्याकडच्या बाजूला लाटा मोडायला कांदळवन. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. तिचे लाकडी दरवाजे माणसाने हात न लावता चालतात. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार मिटतं. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायला धडपडतं आणि दार उघडतं. आतल्या खोलगट भागाला पोंय म्हणतात. पावसाचं जादा पाणी तिथून बाहेर जातं. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरतात, आणि त्याचा लिलाव कुळांचा संघ करतो. म्हणजे ही कुणाची तरी कमाईची जागा आहे, फोटोसाठी मोकळी पडलेली नाही.

आता सायकल. डांबरी किंवा सिमेंटचा पृष्ठभाग असलेल्या बांधावरच्या रस्त्यांवर खुशाल चालवा, तिथे गावची सायकल आणि स्कूटर रोज जाते. साध्या मातीच्या बांधावर डिसेंबर ते मे, माती कोरडी आणि घट्ट असताना, उतरून ढकलत जा. पावसाळ्यात मातीच्या बांधावर चाकच नको. ओल्या चिकणमातीत टायरची एक खाच पडली की तिच्यात पाणी साचतं, ते पाणी बांधाच्या कडेकडे वाट शोधतं, आणि भरतीच्या वेळी त्या कमकुवत जागेवर दोन्हीकडून दाब येतो. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मीठ धुऊन निघायला किती पावसाळे जातील ते सांगता येत नाही. त्यामुळे मातीच्या बांधावर सायकलीने 'मजा' करणाऱ्याला गावकऱ्यांनी हटकलं तर ते रास्तच आहे. तुमच्या चाकाने त्यांचं भात जाऊ शकतं.

मानशीच्या फळ्यांवर उभे राहू नका, दरवाजाला हात लावू नका. खेकड्यांची बिळं बांधाच्या कडेला असतात, ढकलताना चाक त्यात गेलं तर स्पोक तुटतात. मध्यभागाने चला.

भरती-ओहोटीची माहिती खरंच हवी का? मी बोटीने नाही, सायकलने येतोय.

हवी. मांडवीत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि प्रत्येक दिवशी वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. त्या दिवशी ओहोटीला धक्का उंच, शेवाळलेला आणि उतारा तिरका होतो. भरतीला सखल रस्त्यांच्या कडेला पाणी झिरपतं. चोडणच्या पक्षी अभयारण्यात बोटीने आत जायचं तर भरती लागते. निवटे (चिखलावर उड्या मारणारे मासे), खेकडे आणि चिखलातले पक्षी बघायचे तर मात्र ओहोटी. सकाळी फिरताना भरतीची वेळ साडेआठ-नऊ असेल तर दोन्ही मिळतं. आधी चिखल दिसतो, मग पाणी चढताना दिसतं.

कोणता मोसम चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पक्षी आलेले असतात, सकाळची हवा सुखद असते, रस्ते कोरडे. मार्च-एप्रिलला उकाडा वाढतो, तेव्हा सहाला निघून नऊला सावलीत असावं. ऑगस्ट-सप्टेंबरला भाताचा हिरवा रंग बघण्यासारखा असतो. तेव्हा जाणार असाल तर डांबरी रस्त्यांपुरतंच राहा, मागे लाल लाइट लावा आणि विजा चमकू लागल्या तर उघड्या खाजनात थांबू नका, वस्तीत जा. जोराच्या पावसात किंवा प्रवाह वाढल्यावर फेरी थांबू शकते, तेव्हा दिवसाचा कार्यक्रम ताणून ठेवू नका.

दोन दिवस टाळा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा असतो. वाड्यावाड्यांच्या हद्दीच्या झेंड्यांवरून झालेल्या वादातून आलेला हा उत्सव आहे, बघण्यासारखा, पण सायकलने नव्हे, फेरीची रांग लांबलचक होते. आणि जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्याच्या आधीच्या नवेनाचे (प्रार्थनांचे) नऊ दिवसही भाविकांची मोठी गर्दी आणि रस्त्यांवर बंदोबस्त असतो.

कुठली सायकल आणि कोणता टायर? हवा किती भरावी?

हायब्रिड किंवा साधी गिअरची सायकल, टायर ३२ ते ३८ मिमी. रोड बाईकचे २५ मिमीचे टायर चालतात, पण फेरीच्या फटी आणि गावातले खडबडीत तुकडे यांच्यावर नशीब आजमावायचं नसेल तर टाळा. जाड टायरची माउंटन बाईक चालते, फक्त ४० किमीत उगाच दमवते.

सत्तर किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरला पुढे ५० आणि मागे ६० पीएसआय, ३८ मिमीला पुढे ३५-४० आणि मागे ४०-४५ पुरतात. वजन जास्त किंवा मागे बॅग असेल तर मागच्याला पाच वाढवा. हवा जास्त भरली तर जांभ्याच्या खड्यांवर चाक उसळतं आणि हाताला झिणझिण्या येतात. कमी भरली तर फेरीच्या लोखंडी कडेवर ट्यूब चिमटून दोन समांतर भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं की हवा कमी होती, काटा शोधत बसू नका.

पिएदादची टेकडी छोटी पण खडी आहे. पुढे ३४ दाते आणि मागे निदान ३० दात्यांचा मोठा गिअर असेल तर बसून चढता येतं. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. मधे जोर लावून बदलायला गेलात तर चेन खाली पडते.

पंक्चर झालं तर? बेटावर दुकान असतं का?

स्कूटरचं पंक्चर काढणारा गावात किंवा जवळच्या नाक्यावर सापडतो, पण त्याच्याकडचा पंप मोटारच्या वाल्वचा असतो. तुमच्या ट्यूबचा वाल्व बारीक प्रेस्टा असेल तर छोटा पितळी अडॅप्टर सोबत ठेवा, नाहीतर हवा असूनही भरता येत नाही. या एका छोट्या तुकड्याने दिवस वाचतो.

बरोबर घ्यायचं ते एवढंच: एक मापाची ट्यूब, पॅच आणि गोंद, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४, ५ आणि ६ मिमी ॲलन की, चेनची क्विक लिंक आणि चारपाच केबल टाय. गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा) सायकल पडल्यावर वाकतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून तुमच्या सायकलचा एक सुटा हँगर घरून आणा. तो गोव्यातच काय, शहरातल्या दुकानातही लगेच मिळत नाही.

पाणी आणि खाणं?

ऊन आणि दमट हवा यामुळे तासाला सुमारे ७५० मिली धरा. दीड लिटर घेऊन निघा, नार्वेला किंवा मयेला परत भरा. ओआरएसची पुडी घ्याल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाका. ७५० मिलीच्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर मिश्रण कडक होतं, आणि तहान भागण्याऐवजी वाढते.

पहाटे बेटावर पदेर, म्हणजे पाववाला, भेटतो. तो स्वतः सायकलने येतो, मागे टोपली आणि पों-पों हॉर्न. त्याच्याकडून दोन पाव किंवा एखादी पोई घ्या. तो थांबतो, पण तुम्हीही रस्त्याच्या कडेला थांबा, धावत्या सायकलवरून व्यवहार नको. छोट्या हॉटेलात भाजीपाव, मिरचीची भजी, बन आणि चहा मिळतो. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे 'जाता जाता खाऊ' हा बेत तिथे फसतो. एप्रिल-मेमध्ये काजूचं ताजं नीरो (बोंडांचा गोड रस) मिळालं तर पिऊन बघा. हुर्राक, म्हणजे काजूची दारू, मात्र सायकल ठेवून झाल्यावर.

वाटेत बघायचं काय? सगळ्या चर्चमध्ये थांबलो तर दिवस संपेल.

चार ठिकाणं पुरतात.

जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिका, १६०५ साली पवित्र केलेली, आणि समोरचं से कॅथेड्रल. ही स्मारकं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. याच शहरातून साथींमुळे माणसं हलली, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. म्हणूनच तिथे आज एवढी मोकळी जागा आहे. सायकल चर्चच्या भिंतीला टेकवू नका, जांभ्याला किंवा त्यावरच्या चुन्याच्या गिलाव्याला पेडलने लगेच ओरखडा पडतो. गुडघे-खांदे झाकणारं काही बॅगेत ठेवा, एक लुंगी दोन्ही कामांना पुरते.

धक्क्याच्या तोंडाशी व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा १५९७ मध्ये व्हाइसरॉय झाला, त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ ती उभारली. आजची बांधणी १९५४ ची आहे.

दिवाडीवर पिएदादच्या चर्चसमोरून मांडवी आणि जुन्या गोव्याची शिखरं दिसतात. शेजारच्या दफनभूमीतल्या छोट्या कपेलात (प्रार्थनाघरात) कदंबकालीन मंदिराच्या कोरीव कामाचे अवशेष आहेत. आत शांत राहा, ती चालू दफनभूमी आहे.

आणि सप्तकोटेश्वर. मूळ मंदिर दिवाडीवर होतं, गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत. पोर्तुगिजांच्या काळात ते पाडलं गेलं आणि लिंग नदीपलीकडे, त्यांच्या राज्याबाहेर, आताच्या नार्वेला नेलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. हे वाचायला पाच मिनिटं लागतात. पण दिवाडी ते नार्वे या फेरीत बसताना आठवलं तर कळतं की बोट चालली आहे ती एके काळच्या सीमेवरून. लोक देव घेऊन याच पाण्यातून गेले. मंदिरात चामड्याची पिशवी आणि बूट बाहेर ठेवा.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात सायकल नेता येते का?

नाही, आतली वाट पायी चालायची आहे. रायबंदरहून फेरीने उतरलात की सलीम अली पक्षी अभयारण्याचं दार अगदी जवळ आहे. सायकल दाराशी लॉक करा, पुढचं चाक आणि फ्रेम एकाच लॉकमध्ये. अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं, क्षेत्र १.७८ चौ. किमी, जवळजवळ सगळं कांदळवन. पांढऱ्या मानेचा खंड्या हे इथलं खास आकर्षण. डोळे जमिनीकडेही ठेवा: ओहोटीला चिखलावर निवटे उड्या मारत असतात.

मगरींची भीती खरी आहे का?

मांडवी-झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि लगतच्या खाजनांत मगरी आहेत. त्या रस्त्यावर येऊन सायकलवाल्यावर झेप घेत नाहीत. पण पोंयीत किंवा कालव्याच्या कडेला पाय धुवायला उतरणं, कुत्र्याला पाण्याजवळ सोडणं, काळोखात काठाला बसणं, हे करू नका. इथल्या काही खाजनांच्या गावांत पौष अमावास्येला मातीची मगर थापून पूजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. मगरीबरोबर राहायची पद्धत त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त चांगली कळते, त्यांनी 'इथे उतरू नका' म्हटलं की ऐका.

कुत्रे मागे लागले तर?

वेग वाढवू नका, तेच त्यांना हवं असतं. उतरा, सायकल कुत्रा आणि तुमच्या मध्ये ठेवा, शांतपणे चालत दहावीस पावलं जा. त्याच्या हद्दीबाहेर पडलात की तो थांबतो. चावलाच तर साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, उद्यावर ढकलू नका.

मुंबई-पुण्याहून सायकल ट्रेनने आणता येते का?

येते. लगेज व्हॅनमध्ये बुक करायची. कोकण रेल्वेचं सगळ्यात जवळचं स्थानक करमळी, जुन्या गोव्यापासून तीन-चार किमी, पण तिथे बऱ्याच गाड्या थांबत नाहीत आणि थांबल्या तरी मिनिट-दोन मिनिटंच. लगेज उतरवायला मडगाव बरं, थांबा मोठा आहे. मडगाव ते पणजी ३३ किमी, पण तो हायवे आहे, सायकलने येण्यापेक्षा टेम्पो ठरवा.

सायकलला पेडल काढून, हँडल आडवं फिरवून, गिअरभोवती पुठ्ठा बांधा. नाव, फोन आणि 'मडगाव' असं मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी घट्ट बांधा. बुकिंग झाली म्हणजे सायकल त्याच गाडीत चढली असं नाही, गाडी सुटण्याआधी व्हॅनजवळ जाऊन स्वतः बघा. घडीची सायकल बॅगेत बांधून बर्थखाली घालणं सगळ्यात सोपं.

बेटांपलीकडे आणखी काही?

हळदोणे आणि कोरजुवे. म्हापशाहून हळदोण्याला जा, तारांवर तोललेल्या पुलावरून कोरजुव्याला उतरा. तिथला जांभ्याचा किल्ला छोटा आहे, १७०५ साली बांधलेला, अर्ध्या तासात बघून होतो. उत्तरेला केरी ते तेरेखोल ही फेरी आहे, ओहोटी मोठी असेल तर ती थांबू शकते, आधी विचारून जा.

खाऱ्या हवेतून परत आल्यावर सायकलला काय करायचं?

त्याच संध्याकाळी करा, सकाळपर्यंत ठेवलंत तर चेनवर तांबूस पापुद्रा दिसतो. बादलीभर गोडं पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण, ओल्या फडक्याने फ्रेम, चेन, रिम आणि बोल्ट पुसा. प्रेशर गनचं पाणी बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून मीठ आत जातं. सुक्या फडक्याने पुसून सावलीत अर्धा तास ठेवा, मग प्रत्येक रोलरवर एक-एक थेंब तेल, पेडल उलटे फिरवा, आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. जास्त तेल राहिलं की जांभ्याची बारीक धूळ त्यात मिसळते आणि ते घासणाऱ्या लेपासारखं दात्यांना झिजवतं. कोरड्या महिन्यांत ड्राय ल्यूब, पावसात वेट ल्यूब.

ब्रेक रिमचा असेल तर पॅडमध्ये अडकलेले खडे सुईने काढा, नाहीतर रिमवर गोल ओरखडे पडतात. डिस्क ब्रेक असेल तर रोटरला तेलाचं बोट लागू देऊ नका. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दर दोन महिन्यांनी सीट पोस्ट काढून ग्रीस लावावी, कारण स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट मिठामुळे असा चिकटतो की पुढे तो फ्रेमसकट कापायची वेळ येते.